शिबी राजाची मांडी आणि आमची मूठभर ज्वारी

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



गेल्या महिन्यात आपल्या परिवार-समूहावर कुणीतरी कबुतरांना दाणे घालतानाचा एक व्हिडिओ टाकला होता, आठवत असेल. खाली लिहिलं होतं, रोज मूठभर दाणे घाला, पितर तृप्त होतात. दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. मग एका तरुण दादाने लिहिलं, हे पुण्य नाही, रोग वाटणं आहे. त्यावर एका काकांनी त्याचे संस्कार काढले. पुढचं सगळ्यांनी वाचलंच आहे. शेवटी समूह दोन दिवस बंद ठेवावा लागला. तेव्हा सेवेतल्या ताईंचा आम्हाला फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या घरी हे सगळं घडून गेलंय. कोण बरोबर ते नका सांगू, काय घडलं तेवढं लिहा." म्हणून लिहीत आहोत. यात चूक आमचीच जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचं जुनं घर माताजीच्या टेकडीच्या पायथ्याकडे होतं. तिथे पहिली पोळी गायीची, दुसरी कुत्र्याची, आणि ताटाभोवतीची चित्राहुती मुंग्यांची. हे कुणी शिकवलं नाही, घरात चालत आलेलं. शास्त्रात याला भूतयज्ञ म्हणतात हे आम्हाला फार नंतर कळलं. २०१९ मध्ये आम्ही फ्लॅटमध्ये राहायला आलो, तिसऱ्या मजल्यावर. तिथे गाय येणार कशी? त्याच वर्षी सासरे गेले. पितृपक्षात आईंनी (म्हणजे आमच्या सासूबाईंनी) बाल्कनीच्या कठड्यावर घास ठेवला आणि कावळ्याची वाट पाहत बसल्या. कावळा काही आला नाही. आलं ते एक कबूतर. आई म्हणाल्या, "ज्याला यायचं तो आला. यालाच घाला." दुसऱ्या दिवसापासून एक मूठ ज्वारी सुरू झाली.

(पुण्याकडचे आमचे नातेवाईक याला पारवा म्हणतात. आम्ही माळव्यातले मराठी लोक, आमचं आपलं कबूतरच. समजून घ्यावं.)

२०२० चा लॉकडाऊन आला. मुलगा नोकरीला पुण्यात अडकलेला, रस्ते सुनसान, घरात आम्ही तिघे. मुठीची वाटी झाली, वाटीची परात झाली. पुढे महिन्याला दहा किलो ज्वारी आणि वर मक्याची भरड येऊ लागली. सकाळी साडेसहाला बाल्कनीचं दार वाजलं की समोरच्या टाकीवरून थवाच्या थवा उठायचा. तो फडफडाट ऐकला की मनाला काय वाटायचं, ते ज्यांनी घातलंय त्यांना सांगायला नको. दिवसभरात आपली एवढी आतुरतेने वाट बघणारं दुसरं कोण असतं हो?

आणि बघण्यासारखं खूप असतं त्यांच्यात. आपल्याकडे साधनेत सांगतात, नुसतं बघायला शिका. आम्ही खरोखर तासन् तास बघायचो. सगळी सारखी वाटतात, पण महिनाभरात ओळखू येतात. एकाच्या पंखावरच्या दोन काळ्या पट्ट्यांपैकी एक तुटकी. एक अगदी शाळीग्रामासारखं काळं. एकाच्या पायात संक्रांतीचा मांजा गुंतला होता, बोट सुजून आलं होतं. ते टॉवेलखाली धरून, नखं कापायच्या कात्रीने तो दोरा काढला तेव्हा आमचेच हात थरथरत होते. नंतर तीन वर्षं ते लंगडत यायचं आणि परातीच्या अगदी काठावर बसायचं. पाणी पिताना चिमणी मान वर करते, कबूतर करत नाही. चोच बुडवून गायीसारखं ओढून पितं. जोडी जमली की बहुधा जन्मभराची. अंडी दोन. दुपारी नर बसतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मादी. पिल्लं निघाली की दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीत दह्यासारखं काहीतरी तयार होतं, तेच दोघे भरवतात. बापालाही दूध फुटतं असा प्राणी! आई हे ऐकून म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना सांगायला हवं होतं."

आमच्या खालच्या मजल्यावर, बरोबर आमच्या बाल्कनीखाली, एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही त्यांना मास्टरसाहेब म्हणतो. हिंदीभाषी कुटुंब, पण दिवाळीला चिवडा आमच्याकडून आणि होळीला गुजिया त्यांच्याकडून, असं नातं. मास्टरसाहेब रोज पहाटे टेकडी चढायचे. आधी मोठी माता, मग छोटी माता, आणि खाली उतरून पोहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना कोरडा खोकला लागला. मग टेकडी अर्ध्यावरून परत. मग टेकडी बंद. जिना चढताना मधल्या वळणावर ते थांबायचे आणि कुणी पाहिलं तर किल्ली शोधत असल्यासारखं करायचे.

जून २०२५ मध्ये भाभीजी वर आल्या. चहासुद्धा न घेता म्हणाल्या की इंदूरच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घराजवळ कबुतरं आहेत का? आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. पिसं आणि वाळलेली विष्ठा खाली आमच्या खिडकीत पडते, कूलरमधून आत येते. भाभीजी बोलताना सारखा पदर सावरत होत्या. त्यांना हे सांगायला किती दिवस लागले असतील, ते आज कळतं.

आम्ही काय उत्तर दिलं? लिहायला लाज वाटते. आम्ही म्हणालो, "कबुतरं काय आमच्याच घरी येतात? सगळ्या देवासात आहेत. आणि मुक्या जिवाला घालणं पाप आहे का?" त्या काही बोलल्या नाहीत. उठून गेल्या. त्या दिवशी आम्ही सत्संगातसुद्धा, नाव न घेता, लोकांना हल्ली भूतदया सहन होत नाही, असं बोलून आलो. चार जणींनी माना हलवल्या. बरं वाटलं.

आणि दाणे चालूच ठेवले. उलट, थोडे जास्तच.

नंतर महिन्याभरात मुंबईची बातमी आली. जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारने विधान परिषदेत सांगितलं की मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायचे. उच्च न्यायालयाने ३० जुलैला दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं. दादरचा जुना कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला. ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री फाडली. आम्ही टीव्हीसमोर बसून ते बघत होतो आणि मनातून आम्हाला आनंद होत होता. आपण एकटे नाही, असा. त्या गर्दीत जैन समाजाची पुष्कळ माणसं होती. त्यांची जीवदया पिढ्यान् पिढ्यांची आहे आणि खरी आहे, तिला नावं ठेवायचा अधिकार आम्हाला नाही. पण आम्हाला झालेला आनंद जीवदयेचा नव्हता. तो जिंकल्याचा होता. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला तेव्हा आमचा चेहरा पडला. आई बाजूला वाती वळत होत्या. त्यांनी विचारलं, "मुंबईच्या कबुतरांचं एवढं मनाला लावून घेतेस, खाली मास्टर कसे आहेत?"

आम्हाला माहीत नव्हतं. दीड महिना आम्ही विचारलंच नव्हतं.

श्रावणात आमच्याकडे एकनाथी भागवताचं वाचन असतं. (शेजाऱ्यांचा सावन आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो, त्यामुळे आमच्या बिल्डिंगीत श्रावण दीड महिना चालतो.) भागवताच्या अकराव्या स्कंधावरची नाथ महाराजांची ही टीका, १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालेली. त्यात सातव्या अध्यायात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगू लागतो, आणि त्यातला एक गुरू आहे कपोत. म्हणजे कबूतरच! आम्ही दरवर्षी वाचतो, पण या वर्षी तिथे आल्यावर आवाज अडखळला. कथा आपल्याला माहीत आहे. कपोत आणि कपोती, त्यांची पिल्लं, पारध्याचं जाळं. पिल्लं अडकली म्हणून आईने जाळ्यात उडी घेतली, ती अडकली म्हणून बापाने घेतली. पारध्याला कष्टच पडले नाहीत.

इतकी वर्षं आम्ही ही कथा मुलाबाळांच्या मोहाची म्हणून वाचत होतो. या वर्षी वाटलं, अवधूताने कबुतराला गुरू केलं ते त्याला दाणे घालून नव्हे, त्याच्याकडे बघून. आणि आम्ही सहा वर्षं बघून शिकलो काय? तर त्यांची वाट बघायला. मुलगा दूर, सासरे गेलेले, स्वयंपाक तीन माणसांचा. रिकाम्या घरात सकाळी साडेसहाला कुणीतरी हक्काने यायचं. मग ही दया कुणावर होती? निम्मी तरी आमची आमच्यावरच होती. तीही काही वाईट गोष्ट नाही, एकटेपण काही पाप नव्हे. पण तिला भूतदया म्हणून मिरवलं आणि भाभीजींच्या तोंडावर फेकलं, ते वाईट.

दुसरी कथा शिबी राजाची. समूहावरच्या भांडणात काकांनी तिचाच दाखला दिला होता, आणि खरं सांगायचं तर जूनमध्ये आमच्याही मनात तीच होती. अग्नी कबूतर झाला, इंद्र ससाणा झाला. कबूतर राजाच्या मांडीवर येऊन पडलं. ससाणा म्हणाला, माझं भक्ष्य मला दे. राजाने आपली मांडी कापून तराजूत घातली, पुरेना तेव्हा स्वतःच पारड्यात बसला. आपण लहानपणापासून ऐकतो ते इथपर्यंत. पण नीट पाहा, त्या गोष्टीत ससाणा खलनायक नाही. भुकेल्या ससाण्याचं म्हणणं राजा ऐकून घेतो. तूही जीव आहेस, तुझाही हक्क आहे, हे त्याला मान्य आहे. आणि मांडी कापली ती स्वतःची. प्रधानाची नव्हे, शेजाऱ्याची नव्हे.

आमच्या तराजूत आमच्याकडून काय पडत होतं? महिन्याला दहा किलो ज्वारी. आणि खालच्या मजल्यावरून काय पडत होतं? श्वास. दानाचं पुण्य आमच्या नावावर आणि खर्च दुसऱ्याच्या, असं ते खातं सहा वर्षं चाललं होतं.

आता डॉक्टरी भाग. आमचा भाचा इंदूरला डॉक्टर आहे, त्याने समजावलं तसं सांगतो. कबुतराच्या पंखांवर पिठासारखी बारीक भुकटी असते. ती आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत जाते. त्यातली प्रथिनं काही माणसांच्या शरीराला शत्रू वाटतात आणि त्या लढाईत फुप्फुसच सुजतं. सगळ्यांना होत नाही. एकाच घरात चौघे राहतात आणि एकालाच होतं. माणसाकडून माणसाला लागत नाही. लवकर लक्षात येऊन कारण दूर केलं तर सुधारणा होऊ शकते. वर्षानुवर्षं चाललं तर आत वण पडतात, फुप्फुस कडक होतं, आणि कडक झालेलं परत मऊ होत नाही.

पण भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, तीही लपवत नाही. २०१७ मध्ये आपल्या देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांमधल्या १,०८४ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या या जातीच्या आजारांपैकी जवळजवळ निम्मे, ४७ टक्के, हाच आजार निघाला. आणि कारण शोधताना सगळ्यात जास्त नाव आलं ते कबुतराचं नव्हे, कूलरचं! ओलसर पॅडवर बुरशी धरते, तिची हवा आपण उन्हाळाभर अंगावर घेतो. माळव्यात कूलर नाही असं घर दाखवा. मास्टरसाहेबांच्या घरी आहे, आमच्याकडे दोन आहेत.

हे ऐकलं आणि आम्हाला हायसं वाटलं. म्हणजे आमच्यामुळेच झालं असं सिद्ध होत नाही! दोन दिवस आम्ही या आधारावर काढले. भाच्याला आम्ही तिसऱ्यांदा तेच विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मामी, कूलरचं पॅड मी काकांना बदलायला सांगितलंय. ते त्यांच्या हातात आहे. कबुतरं त्यांच्या हातात नाहीत."

खरा प्रश्न हाच आहे असं आम्हाला वाटतं, आणि आपण सगळ्यांनी घरात बसून यावर बोलावं. दोष पक्का सिद्ध होईपर्यंत थांबायचं कुणी? ज्याची सकाळची करमणूक बंद होईल त्याने, की ज्याचा श्वास बंद होईल त्याने? कोर्टात पुरावा लागतो, लागायलाच पाहिजे. पण एकाच जिन्याने चढणाऱ्या माणसांत पुराव्याची भाषा कुठून आली? आपल्या देवासात एके काळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, आणि सरहद्द गावातून गेलेली. माणसांनी आखलेली सरहद्द हवेला आणि पिसांना काय कळणार? "आमच्या बाल्कनीत आम्ही काय वाटेल ते करू" हे वाक्य तिसऱ्या मजल्यावर खरं असतं, दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत खोटं होतं.

आणि देवासच्या हवेविषयी तर आपण विशेष जपायला हवं. कुमार गंधर्व १९४८ मध्ये इथे आले ते गाण्यासाठी नव्हे, श्वासासाठी. वय तेविशीचं, क्षयाने फुप्फुस पोखरलेलं, गाणं बंद. इथली कोरडी हवा मानवेल म्हणून आणलं. अनेक वर्षं अंथरुणावर पडून त्यांनी इथले आवाज ऐकले, माळव्यातली लोकगीतं ऐकली. स्ट्रेप्टोमायसीन मिळालं, बरे झाले आणि एकाच धड फुप्फुसावर १९९२ पर्यंत गायले. टेकडीच्या पायथ्याचं त्यांचं घर आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. बाहेरगावचा माणूस जिथे श्वास घ्यायला आला, त्याच गावात आमचे मास्टरसाहेब जिन्यात किल्ली शोधत उभे.

पितृपक्षात आम्ही धारला नणंदेकडे गेलो. तिच्याकडे जुना वाडा आहे. तिथेही कबुतरं, पण ती वळचणीला. तिला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "मग उपाशी मारणार का त्यांना?" मनातली भीती तीच होती. सहा वर्षं ज्यांना सवय लावली, त्यांना एका सकाळी दार बंद करायचं हे पाप नाही का? परतायच्या आदल्या दिवशी सगळे मांडूला गेलो. पावसानंतरचं मांडू, सगळं हिरवंगार. जहाज महालाच्या कमानींत, होशंगशहाच्या मकबऱ्याच्या कोनाड्यांत, वर-खाली कबुतरंच कबुतरं. दाणे घालणारं कुणी नाही, परात नाही. सकाळी ती शेतांकडे जातात, चरतात, परत येतात. हा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी. आपल्या इमारती त्याला कडे वाटतात, बाल्कनी म्हणजे कपार. तिथल्या भिंतीवर बसलेली ती जोडी बघताना मनात आलं, यांचं आमच्यावाचून काहीही अडलेलं नाही. उलट आम्ही घालतो म्हणून ती एका जागी शेकड्याने गोळा होतात, आयतं मिळतं म्हणून वर्षभर अंडी घालतात, आणि मग लोक त्यांना विषारी म्हणतात, काट्यांच्या पट्ट्या लावतात. कबुतराला वैरी आम्हीच करून ठेवलं, माया करता करता.

देवासला आलो तो दाणे बंद करायचं ठरवूनच. बाल्कनीत गेलो, तर जुन्या कुंडीमागे चार काड्या, आणि त्यात दोन अंडी. वर बसलेली ती, तुटक्या पट्टीची.

आता काय करायचं? अंडी उचलून फेकणं आमच्याने झालं नसतं. ठेवायची तर अठरा दिवस अंड्यांचे आणि वर चार-पाच आठवडे पिल्लांचे. म्हणजे दिवाळी धरून दीड-पावणेदोन महिने. रात्रभर झोप नाही. सकाळी खाली गेलो. जूननंतर पहिल्यांदाच त्यांच्या दारात. आधी माफी मागितली. मग सांगितलं की दाणे आजपासून बंद, जाळी लावतो, पण अंडी आहेत. तुम्ही म्हणाल तसं करू. आज काढा म्हणालात तर आज काढू.

मास्टरसाहेब आतून हळूहळू बाहेर आले. सगळं ऐकलं. दम लागत होता म्हणून थांबून थांबून बोलले. हिंदीत म्हणाले, "अंडी आहेत तर राहू द्या. पिल्लं उडू देत. आम्ही खिडकी बंद ठेवू."

त्यांनी खिडकी खरंच बंद ठेवली. पावणेदोन महिने. अश्विनातली ती उमसलेली दुपार, दिवाळी, सगळं त्या बंद खिडकीआड. फुप्फुस त्यांचं, खिडकी त्यांची, आणि पिल्लं कुणाचीच नाहीत. सहा वर्षं आम्ही शिबी राजाची गोष्ट सांगत होतो आणि शिबी राजा खालच्या मजल्यावर राहत होता.

आम्ही आमच्याकडून जेवढं जमलं तेवढं केलं. पहिल्याच दिवशी नाकाला मास्क बांधून, आधी सगळी बाल्कनी पाण्याने भिजवून, मग ओली विष्ठा खरवडून काढली. हे कृपा करून सगळ्यांनी लक्षात ठेवा: कोरडी कधीही झाडू नका, झाडलीत की धूळ उडते, आणि ती खाली जातेच, पण आधी आपल्या नाकात जाते. घरट्याभोवतीचं रोज ओल्या फडक्याने पुसायचो. आकाशकंदील या वर्षी बाल्कनीत लावला नाही, आत खिडकीत लावला. फटाक्यांच्या रात्री मादी पिल्लांवर पंख पसरून बसली होती. आई मधून मधून काचेतून बघून यायच्या.

दाणे बंद झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सगळी कठड्यावर हजर. आम्ही दाराआड उभे. ती माना वाकड्या करून काचेतून बघतात आणि आम्हाला त्यांच्याकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी दाराच्या कडीला हात गेला होता. आई मागून म्हणाल्या, "ती तुझी वाट बघतायत का तू त्यांची?" हात मागे घेतला. आठ दिवसांत थवा निम्म्यावर आला, पंधरा दिवसांनी चार-पाच उरली. कुठे मेलेलं एकही दिसलं नाही. समोर सोयाबीनची कापणी चालली होती, शेतं उघडी पडली होती, तिकडेच गेली असणार. लंगडं मात्र पुष्कळ दिवस येत राहिलं. त्याच्यासाठी एकदा, एकदाच, चार दाणे टाकले, हेही सांगून टाकतो.

पिल्लं कार्तिकात उडाली. आधी एक, आणि दोन दिवसांनी दुसरं, धडपडत. त्याच आठवड्यात जाळीवाला बोलावला. पक्षी अडकणार नाही अशी, ताणून बसवलेली जाळी घ्या, ढिली असली की पाय अडकतात. जाळी लावताना मनात कपोताचंच जाळं होतं. इथे निदान ती बाहेर होती आणि आम्ही आत.

समूहावरच्या तरुण दादाला एक सांगायचं आहे. तुझं म्हणणं बरोबर होतं, बाळा, पण तू कबुतरांविषयी जे शब्द वापरलेस ते नको होते. त्यांना आपणच हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, निरोप न्यायला शिकवलं, आपल्या छपरांवर आणलं. जखमी दिसलं तर आजही उचलावं, डॉक्टरांकडे न्यावं. आणि काकांना नमस्कार करून एवढंच, की परंपरा आमच्याही घरची आहे. आईंच्या मुठीवर आमचा आजही विश्वास आहे. पण गावातल्या अंगणातली मूठ आणि तिसऱ्या मजल्यावरची परात, यांना एकच नाव देऊन चालणार नाही.

आईंची मूठ बंद झालेली नाही. रोज सकाळी पूजेनंतर त्या एक मूठ ज्वारी एका डब्यात टाकतात, सासऱ्यांचं नाव घेऊन. डबा भरला की ज्वारी दळून आणतो आणि केंद्रातल्या अन्नदानाच्या दिवशी तिच्या भाकरी होतात. आईंना अजून हे पूर्ण पटलेलं नाही. म्हणतात, "भाकरी खाणारा पंख फडफडवत येत नाही." त्यांचं खरं आहे.

मास्टरसाहेबांचं फुप्फुस जेवढं कडक झालंय तेवढं झालंय. डॉक्टर म्हणतात, पुढे वाढू न देणं एवढंच हातात आहे. औषधं चालू आहेत, कूलर त्यांनी काढून टाकला. टेकडी अजून नाही. पण दत्तजयंतीला प्रसाद द्यायला आम्ही खाली गेलो, तर म्हणाले, तुम्ही का उतरलात, मी येतो. आणि एकेक पायरी करत वर आले, मधल्या वळणावर थांबले, या वेळी किल्ली शोधली नाही. आमच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसले. जाळीतून समोरच्या टाकीकडे बघत होते. टाकीवर सात-आठ बसलेली होती.

"सकाळी ती घुमायची ना," मास्टरसाहेब म्हणाले, "ते ऐकायला छान वाटायचं."

आईंनी त्यांच्या हातात प्रसादाचा द्रोण ठेवला. मग दोघंही बराच वेळ टाकीकडे बघत बसले.